खारातल्या भाज्या, आपल्या हवेच्या हिशेबानं

साउअरक्राउटच्या बहुतेक कृतींत लिहिलेलं असतं की कोबी मिठात चुरा, बरणीत दाबून भरा आणि तीन-चार आठवडे थांबा. जर्मनीतल्या थंड तळघरात ते अगदी बरोबर आहे. नाशिकला एप्रिलमध्ये ओट्यावर तीच बरणी चार आठवडे राहिली, तर कोबी आंबटढाण होईल आणि त्याचा करकरीतपणा जाईल. किमचीचंही तेच. कोरियात ती हिवाळ्याच्या तोंडावर घालतात आणि पूर्वी तिचे रांजण जमिनीत पुरून ठेवत. गावानं एकत्र येऊन किमची घालण्याच्या त्या प्रथेला, किमजांगला, युनेस्कोनं २०१३ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्या प्रथेबद्दल मला फार आदर आहे, पण तिचे दिवस आपल्याकडे चालत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात कामाला येतात दोन गोष्टी: मीठ काट्यावर मोजणं आणि दिवस जिभेवर मोजणं.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. तिथे खारातल्या कैऱ्या घरोघरी असायच्या, अजूनही असतात. चैत्रात बाठ न धरलेल्या लहान कैऱ्या देठासकट उतरवायच्या, चीक धुऊन काढायचा, बरणीत मिठाचे थर देऊन भरायच्या आणि वर दगड ठेवायचा. पावसाळ्यात पेजेबरोबर ती एक कैरी पुरते. आजीचं मीठ शिरोड्याच्या मिठागरांतलं, जिथे मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तिथलंच. दगड का ठेवायचा, असं विचारलं की ती म्हणायची, "वर इलो तो कुसलो." भाज्या खारवण्याच्या शास्त्रातला अर्धा भाग या चार शब्दांत आहे.

उरलेला अर्धा भाग जंतूंचा. प्रत्येक भाजीच्या सालीवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू थोड्या संख्येनं असतातच. त्यांच्याबरोबर भाजी कुजवणारेही असतात. पुरेसं मीठ असलं आणि हवा लागली नाही, की कुजवणारे मागे पडतात आणि आम्ल करणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक नावाचे जंतू पुढे असतात. ते आम्लाबरोबर कार्बन डायऑक्साइडही सोडतात, म्हणून पहिल्या दिवसांत बुडबुडे येतात. खार पुरेसा आंबट झाला की लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरमसारखे आम्लाला न घाबरणारे जंतू काम हाती घेतात. खाराचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, घातक जंतू वाढू शकत नाहीत. नीट आंबलेल्या बरणीत तो साडेतीनच्या आसपास येतो. म्हणजे इथे व्हिनेगर घालायचं नाही, लिंबू पिळायचं नाही. आंबटपणा भाजीतूनच येऊ द्यायचा.

तेलाचं लोणचं वेगळं. त्यात मीठ इतकं जास्त असतं की आंबण्याची क्रिया फार मंद होते. ते टिकतं मीठ, तेल आणि मसाल्याच्या जोरावर. खारातल्या कैऱ्यांतही मीठ दहा टक्क्यांच्या वर असतं, कारण त्या वर्षभर बाहेर टिकवायच्या असतात. पोटासाठी आणि रोज वाटीभर खाण्यासाठी जी भाजी आपण खारवणार आहोत, तिचं मीठ याच्या तिसरा हिस्साही नाही. आणि मीठ कमी म्हणूनच ते अचूक हवं.

आता मिठाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक बरण्या इथेच बिघडतात. चमच्यानं मीठ घालू नका. जाड्या मिठाच्या खड्यांमध्ये पोकळी असते, त्यामुळे एक चमचा जाडं मीठ आणि एक चमचा बारीक मीठ यांच्या वजनात चांगलाच फरक पडतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. माझं प्रमाण असं: डिसेंबर-जानेवारीत एकूण वजनाच्या अडीच टक्के, एरवी तीन टक्के, एप्रिल-मेमध्ये साडेतीन. काकडीला चार, नुसत्या मिरच्यांना पाच. एकूण वजन म्हणजे भाजी अधिक पाणी. नुसत्या पाण्याच्या तीन टक्के मीठ घेतलं तर ते भाजीत वाटलं जाऊन निम्म्यावर येतं, आणि भाजी बुळबुळीत का झाली हे कळत नाही.

मीठ कुठलं? जाडं समुद्री मीठ मला आवडतं. त्यात कधी कचरा असतो, म्हणून पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळून घ्यावं. आयोडीनचं मीठ घातल्यानं भाजी आंबत नाही, असं बरेच जण सांगतात. तसं काही नाही, ती व्यवस्थित आंबते. फक्त मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात घातलेल्या पदार्थामुळे पाणी थोडं गढूळ दिसतं. पाणी मात्र नळाचं असेल तर उकळून पूर्ण गार करून घ्या. त्यातलं क्लोरीन जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं, आणि आपल्याला इथे जंतूच हवे आहेत.

पहिली बरणी गाजर-मुळ्याची घाला. ती सहसा दगा देत नाही. एक लिटरची काचेची, रुंद तोंडाची बरणी घ्या. साबणानं धुऊन कडकडीत पाण्यानं विसळा आणि पालथी घालून वाळवा. पाव किलो गाजर आणि साधारण दीडशे ग्रॅम मुळा घ्या. माती जाईल इतकं धुवा, गाजराचं साल हलकंच खरवडा, सोलून टाकू नका. आपले कामकरी जंतू सालीवरच असतात. बोटाएवढ्या लांब फोडी करा. फोडी सारख्या जाडीच्या हव्यात, नाहीतर बारीक फोड मऊ पडते आणि जाड कच्ची राहते. तळाशी चार ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या, दोन उभ्या चिरलेल्या हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढी ओली हळद चकत्या करून, आठ-दहा मिरीदाणे आणि एक चमचा मोहरीची डाळ. त्यावर गाजर-मुळ्याच्या फोडी उभ्या, घट्ट रचा. घट्ट रचलेल्या फोडी एकमेकींना धरून राहतात आणि वर येत नाहीत.

आता रिकाम्या बरणीचं वजन वजा करून भाजी किती भरली ते बघा. समजा ४५० ग्रॅम झाली. भाजी बुडेल इतकं पाणी ओता आणि पुन्हा बघा. समजा पाणी ४१० ग्रॅम लागलं. एकूण ८६०. त्याचे तीन टक्के म्हणजे सुमारे २६ ग्रॅम मीठ. ओतलेलं पाणी पातेल्यात परत काढा, त्यात हे मीठ विरघळवा आणि खार पुन्हा बरणीत घाला. चाखून बघाल तर फार खारट लागेल. घाबरू नका, एक-दोन दिवसांत मीठ भाजीत शिरतं आणि खार सौम्य होतो. बरणीच्या तोंडापासून दोन-तीन बोटं जागा रिकामी ठेवा, कारण बुडबुडे यायला लागले की खार वर चढतो.

मग आजीचा दगड. काळ्या पाषाणाचा गुळगुळीत गोटा मिळाला तर तो घासून, वीस मिनिटं पाण्यात उकळून वापरा. संगमरवराचा तुकडा कधीही घालू नका. त्याच्यावर आम्लाची क्रिया होते, तो झिजतो आणि खाराचा आंबटपणा खाऊन टाकतो. दगड नको असेल तर बरणीच्या तोंडातून आत जाईल अशी काचेची छोटी वाटी, किंवा खाण्याच्या पदार्थांसाठी मिळते तशी चांगली झिपची पिशवी खारानंच भरून वर ठेवा. पिशवी फुटली तरी आत साधं पाणी जाऊन मिठाचं प्रमाण बिघडू नये, म्हणून खार. त्याआधी कोबीचं किंवा मुळ्याचं एक मोठं पान गोल कापून भाजीवर पसरा, म्हणजे मोहरीचे कण वर तरंगत नाहीत. पहिली बुरशी बहुधा त्या तरंगणाऱ्या कणांवरच धरते.

झाकण सैल लावा. घट्ट लावलंत तर दिवसातून एकदा, पहिले तीन-चार दिवस दोनदा, मोरीवर धरून उघडा आणि हवा जाऊ द्या. बरणी खोलगट ताटलीत ठेवा, खार ओघळतोच. थेट उन्हात ठेवू नका. लोणच्याच्या सवयीनं बरणी उन्हात नेण्याचा मोह होतो, तो आवरा.

उन्हाळ्यातली बरणी हा माझा आवडता विषय आहे. भाज्या सगळ्यात छान आंबतात त्या अठरा ते बावीस अंशांत. त्या गारव्यात ल्युकोनोस्टॉक सावकाश काम करतात आणि चवीला फुलांसारखा, फळांसारखा एक सूक्ष्म वास येतो. तीस अंशांच्या वर तो टप्पा झटकन उरकतो आणि नुसता सरळ आंबटपणा हाती येतो. नाशिकच्या थंडीत हा गारवा आपोआप मिळतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा मोसम. गाजर, मुळा, फ्लॉवर, ओली हळद, आवळा हे सगळं तेव्हाच बाजारात ताजं आणि स्वस्त असतं. मार्चनंतर मी बरणी पाण्याच्या परातीत उभी करते, तिला ओलं सुती फडकं गुंडाळते आणि फडक्याचं टोक परातीतल्या पाण्यात सोडते. माठाचं पाणी जसं गार होतं तशीच बरणी काही अंशांनी गार राहते. ही युक्ती देशावरच्या कोरड्या हवेत चालते. वेंगुर्ल्याच्या दमट हवेत फडकं वाळतच नाही, त्यामुळे तिथे तिचा उपयोग नाही. तिथे दोन दिवस बाहेर आणि मग सरळ फ्रिजमध्ये, हा माझा सल्ला.

दिवसांचा अंदाज असा: थंडीत सहा ते दहा दिवस, पावसाळ्यात चार-पाच, कडक उन्हाळ्यात दोन-तीन. पण अंदाज तो अंदाज. दुसऱ्या दिवसापासून रोज स्वच्छ, कोरड्या चमच्यानं एक फोड काढून खा. कच्च्या मुळ्याचा उग्रपणा जाऊन चव गोल झाली, आंबटपणा जिभेच्या कडांना जाणवला आणि फोड दाताखाली अजून करकरीत वाजली, की बरणी फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये आंबणं थांबत नाही, पण फार मंदावतं. खाराखाली बुडालेली भाजी तिथे दोन-तीन महिने सहज चांगली राहते. खात्री हवी असेल तर पीएच मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. नवीन माणसानं पहिल्या काही बरण्यांना त्या जरूर वापराव्या. चारच्या खाली रंग दाखवला की निश्चिंत व्हा.

पहिल्यांदा बरणी घालणाऱ्याला धाकधूक असते. माझ्या सासूबाई तिसऱ्या दिवशी खार बघून म्हणाल्या होत्या, "अगं, पाणी गढूळ झालंय, टाकून दे." खार गढूळ व्हायलाच हवा, गढूळपणा म्हणजे वाढलेले जंतू. त्याच सासूबाई आता खिचडीबरोबर आधी बरणी मागतात. लसूण निळी किंवा हिरवट झाली तरी ती खाण्यायोग्य असते, लसणीतल्या द्रव्यांची आम्लाशी होणारी ती क्रिया आहे. मुळा आणि फ्लॉवर आंबताना गंधकाचा उग्र वास येतो, तो फ्रिजमध्ये गेल्यावर उतरतो. घरच्यांना आधी सांगून ठेवा. वर पातळ, पांढरी, सुरकुतलेली साय आली तर ते यीस्ट असतं. अपायकारक नाही, चमच्यानं काढून टाका आणि बरणी लवकर फ्रिजमध्ये हलवा.

लव असलेली बुरशी मात्र, मग ती हिरवी असो, काळी असो की गुलाबी, दिसली की सगळी बरणी टाकायची. वरचा भाग काढून खालचा खाऊ नये, बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. कुजका, उलटी येईल असा वास किंवा तार सुटणारी भाजी, तीही टाका. पाच रुपयांच्या मुळ्यासाठी जिवाशी खेळायचं नाही.

कोबीला पाणी लागत नाही. एक किलो कोबी बारीक चिरून त्याला बावीस ग्रॅम मीठ, उन्हाळ्यात पंचवीस. दहा मिनिटं हातानं चांगला चुरा, मग झाकून अर्धा तास ठेवा आणि परत चुरा. त्याचंच पाणी सुटून तो त्यात बुडायला हवा. आपल्याकडचा उन्हाळी कोबी कधी कोरडा असतो आणि पाणी कमी सुटतं. अशा वेळी अडीच टक्क्यांचा थोडा खार वरून घाला. मी त्यात जिरं आणि किसलेलं आलं घालते. ओव्यानं चव कडवट होते असं माझं मत, पण माझ्या नणंदेला तोच आवडतो.

बाकी भाज्यांचं थोडक्यात. फ्लॉवरचे तुरे लहान ठेवा आणि त्यात थोडे धणे, मेथीचे चार दाणे. तोंडलीला उभ्या चिरा द्या. बीट एकट्यानं घालू नका, त्यात साखर फार. गाजराबरोबर घाला, रंग सुरेख येतो. काकडीची फुलाकडची टोकं न विसरता कापा. त्या टोकात भाजी मऊ करणारी द्रव्यं असतात. काकडीत द्राक्षाचं एक पान टाकलं की त्यातल्या टॅनिनमुळे ती करकरीत राहते. नाशिकला पानांचा तुटवडा नाही, पण बागेतली पानं फवारणीची असतात, म्हणून परसातल्या वेलाचंच पान घ्या. ते नसेल तर चिमूटभर चहापत्ती पुरचुंडीत बांधून टाका. माहेरून तिरफळं आली की मी काकडीत दोन-तीन ठेचून टाकते, बी काढून. तो वास दुसऱ्या कशालाच नाही. घेवडा, फरसबी कच्ची घालू नका, आधी वाफवून घ्या.

आता पोटाबद्दल. २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'सेल' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. ३६ निरोगी प्रौढांपैकी अर्ध्यांना दहा आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले आणि अर्ध्यांना तंतुमय. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या आतड्यातल्या जंतूंची विविधता वाढली आणि शरीरातल्या दाहाशी संबंधित १९ प्रथिनांचं प्रमाण घटलं. प्रयोग लहान आहे, त्यावरून ही भाजी अमुक रोग बरा करते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. आणि त्या आहारात किमचीबरोबर दहीही होतं, म्हणजे आपलं रोजचं ताक-दही याच रांगेतलं आहे. माझा अनुभव एवढाच की जेवणात दोन चमचे खारातली भाजी असली की जेवण हलकं वाटतं आणि भाकरीबरोबर दुसरं तोंडीलावणं लागत नाही.

सुरुवात एक चमच्यानं करा. सवय नसलेल्या पोटाला पहिल्या आठवड्यात गुबारा धरू शकतो. मिठाचा हिशेब विसरू नका: तीन टक्क्यांच्या तीस ग्रॅम भाजीत जवळपास एक ग्रॅम मीठ जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणून त्या जेवणात लोणचं आणि पापड मी पानात घेत नाही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा घरात गर्भवती असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

जिवंत जंतू पोटात जायला हवे असतील तर भाजी शिजवू नका, फोडणीतही घालू नका. पिठलं-भाकरी, मुगाची खिचडी, थालीपीठ, दहीभात, यांच्या बाजूला गारच वाढा. गरम भातावर शेवटी घाला. मुलांच्या डब्यात द्यायची असेल तर खार निथळून वेगळ्या डबीत द्या, नाहीतर पोळी भिजते.

उरलेला खार ओतून देऊ नका. कोशिंबिरीत मीठ आणि लिंबाऐवजी दोन चमचे खार घाला; काकडीच्या कोशिंबिरीला तो फार छान लागतो. ज्वारीच्या धिरड्याचं पीठ त्यात भिजवलं तर शिजताना जंतू मरतात, पण चव राहते. पुढच्या बरणीत विरजण म्हणून जुना खार घालण्याची पद्धत काही जण पाळतात. मी घालत नाही, कारण सुरुवातीचे ल्युकोनोस्टॉक त्या आंबट खारात नीट वाढत नाहीत आणि सुगंधाचा तो पहिला टप्पाच हुकतो. त्याऐवजी उकडलेली छोटी बटाटी किंवा चिरलेला कांदा त्या खारात टाकून एक रात्र फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच संपवा.